समुद्रकाठचा गोल्फ : वाऱ्याशी भांडण नको

गोल्फ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गुळगुळीत हिरवळ, पांढरी टोपी आणि विजेवर चालणारी छोटी गाडी येते. हा पैसेवाल्यांचा खेळ, त्यात अंगमेहनत ती कसली, असे बहुतेकांचे मत. पण हा खेळ जिथे वाढला त्या स्कॉटलंडच्या समुद्रकाठी तो आजही मुख्यतः पायी चालत, खारे वारे अंगावर घेत खेळला जातो. त्यात व्यायाम किती, धोका किती आणि रोज फिरायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातून काय घेता येईल, ते या आठवड्यात पाहू.

'लिंक्स' म्हणजे काय?

कोकणात पुळण संपते आणि माडाच्या बागा सुरू होतात, त्यांच्या मध्ये वाळूच्या उंचवट्यांची एक पट्टी असते. धड किनारा नाही, धड शेत नाही. स्कॉटलंडमध्ये अशा पट्टीला 'लिंक्स' म्हणतात. जमीन रेताड असल्याने पावसाचे पाणी लगेच मुरते. गवत आखूड, बारीक पात्याचे, खालची जमीन टणक. झाडे जवळजवळ नाहीतच, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे तेवढी दिसतात. शेतीला निरुपयोगी अशा या जमिनीवर मेंढ्या चरत आणि गावकरी काठीने चेंडू टोलवीत. हा नाद इतका वाढला की, धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती.

या मैदानांत सेंट अँड्रूज गावचे 'ओल्ड कोर्स' सर्वांत प्रसिद्ध. गोल्फच्या एका डावात १८ खळगे असतात, ही पद्धत १७६४ साली येथूनच रूढ होऊ लागली. विशेष म्हणजे हे मैदान कोणा खासगी क्लबचे नसून सार्वजनिक आहे. गावातले पोस्टमन, शिक्षक, शाळकरी मुलेही तेथे खेळतात.

खरा व्यायाम चालण्याचा

चेंडूला टोला मारायला दोन सेकंदही लागत नाहीत. बाकीचे जवळजवळ चार तास माणूस चालतच असतो. १८ खळग्यांचे अंतर कागदावर सहा किलोमीटरच्या आसपास असले, तरी चेंडू सरळ जात नाही आणि माणूसही. चेंडू शोधत इकडेतिकडे फिरणे धरले तर चाल सहज आठ ते दहा किलोमीटरांची होते. त्यात लिंक्सवरची जमीन सतत खाली-वर. चढ, उतार, मऊ वाळू, टणक हिरवळ यांमुळे पोटऱ्या, मांड्या आणि घोटे यांना सपाट रस्त्यावर मिळत नाही असा व्यायाम मिळतो. तोल सांभाळण्याची सवय राहते आणि उतारवयात पडण्याचे भय कमी होते.

स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख गोल्फ खेळणाऱ्यांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वयाच्या व तशाच परिस्थितीतल्या इतर लोकांच्या तुलनेत खेळणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात, जो मुळात धडधाकट आहे तोच खेळायला जातो, हेही ध्यानात घ्यावे. तरीही मोकळ्या हवेत, सोबत्यांशी बोलत, आठवड्यातून काही तास चालणे प्रकृतीला मानवते, याबद्दल शंका नाही.

टॉम मॉरिस हे सेंट अँड्रूजचे जुने नामवंत खेळाडू. त्यांनी ओपन स्पर्धा चार वेळा जिंकली आणि जवळजवळ चाळीस वर्षे हे मैदान राखले. सत्तरी उलटल्यावरही ते स्पर्धेत उतरत. १९०८ साली वारले तेव्हा त्यांचे वय ८६ होते.

कंबर का धरते?

समुद्रकाठी वारा हा कायमचा प्रतिस्पर्धी. २०१५ साली सेंट अँड्रूजच्या ओपन स्पर्धेत वाऱ्याने हिरवळीवर ठेवलेला चेंडू जागेवर राहीना. खेळ दहा तासांहून अधिक काळ थांबला आणि स्पर्धा रविवारऐवजी सोमवारी संपली.

अशा वाऱ्यात नवखा माणूस एकच करतो. दात-ओठ खाऊन जोरात टोला हाणतो. यात दुहेरी नुकसान होते. जोरात मारलेल्या चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, तो उंच चढतो आणि वाऱ्याच्या तावडीत सापडतो. दुसरीकडे, कंबरेला झटक्याने पीळ बसतो. हौशी खेळाडूंच्या दुखापतींत कंबरदुखीचा क्रमांक वरचा आहे, तो या पिळामुळेच. लिंक्सची जमीन टणक असल्याने काठी जमिनीवर आपटली की मनगट आणि कोपराला हिसका बसतो. लांब गवतात काठी अडकली तरी तेच होते.

जाणते खेळाडू वाऱ्याशी भांडत नाहीत. मोठी काठी घेतात, हात निम्म्यावरच थांबवतात आणि चेंडू जमिनीलगत पळवतात. खेळाच्या दृष्टीने जे शहाणपणाचे, तेच कंबरेच्याही हिताचे. खेळण्यापूर्वी दहा मिनिटे चालून, खांदे व कंबर हळूहळू फिरवून अंग मोकळे करावे. काठ्यांची पिशवी एका खांद्यावर न टाकता दोन्ही खांद्यांवर घ्यावी, किंवा चाकांच्या गाडीवर ठेवून ती ओढण्याऐवजी पुढे ढकलावी. वाळूचे खोल खड्डे, म्हणजे बंकर, काही ठिकाणी माणसाच्या उंचीचे असतात. त्यांच्या उभ्या कडेवरून चढू वा उतरू नये. मागच्या बाजूने, जिथे उतार कमी असेल तिथून ये-जा करावी.

थंडी दिसत नाही, पण लागते

हवेचे तापमान १० अंश असेल आणि वारा ताशी ४० किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी ६ अंशांसारखी जाणवते. अंगावरचे कपडे ओले असतील तर आणखी वाईट. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी भरपेट जेवून वाऱ्याच्या तोंडाला चढ चढणे टाळावे. छातीत दडपल्यासारखे वाटले, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ आली, तर 'एवढा खळगा पुरा करू' असे म्हणू नये. तिथेच थांबावे आणि मदत मागवावी.

कपडे एकच जाड घालण्यापेक्षा पातळ थरांचे घालावेत आणि वरचा थर वारा व पाऊस अडवणारा असावा. ढगाळ हवेतही सूर्याचे अतिनील किरण त्वचेपर्यंत पोहोचतात आणि गार वाऱ्यामुळे कातडी भाजत असल्याचे कळत नाही. म्हणून टोपी हवीच. वीज कडाडू लागली तर हातातली काठी ठेवून पक्क्या इमारतीत जावे. उघड्या माळावर माणूसच सर्वांत उंच असतो.

मधुमेह असेल तर

ही सूचना सर्वांत महत्त्वाची. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर तीन-चार तासांच्या चालीत एकदम उतरू शकते. हात थरथरणे, गार घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. पण समुद्रकाठच्या वाऱ्यात घाम लगेच वाळतो आणि थरथर थंडीची वाटते. सोबतीही 'गारठलात वाटतं' म्हणून गप्प बसतात. घोटाळा होतो तो इथे. म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे, मध्येच थोडे खाऊन घ्यावे आणि आपल्याला मधुमेह आहे हे सोबत्याला आधीच सांगून ठेवावे. गार हवेत तहान लागत नाही, तरी पाणी घोट-घोट पीत राहावे. औषधाच्या मात्रेत बदल हवा की नाही, ते मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

आपण काय घ्यावे?

मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी जाणारे आईवडील आता लहान गावांतही आहेत. तिकडे कोणी लिंक्सवर नेलेच, तर काठी हाती न घेताही सोबत चालायला हरकत नाही. आणि परदेश कशाला, वरच्या बहुतेक सूचना आपल्या पुळणीवर, माळावर किंवा घाटरस्त्यावर फिरणाऱ्यालाही लागू आहेत. वारा समोरून असेल तर वेग कमी करावा. जाताना वाऱ्याविरुद्ध आणि परतताना वाऱ्यासोबत चालावे, म्हणजे थकल्यावर वारा पाठीशी राहतो. सांधेदुखी असणाऱ्यांनी मऊ वाळूपेक्षा ओली, घट्ट वाळू निवडावी.

एक गोष्ट मात्र सेंट अँड्रूजकडून जरूर घ्यावी. मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी गवताला विसावा मिळतो आणि गावकरी मुलाबाळांसह तिथे नुसते फिरायला येतात. सहा दिवस तुडवल्या जाणाऱ्या जमिनीला एक दिवस विश्रांती लागते, तशी चाळिशी ओलांडलेल्या गुडघ्यांना आणि कंबरेलाही लागते. व्यायामाचे वेळापत्रक आखताना तो एक दिवस मोकळा ठेवावा.