गव्याचं काळीज कुठे असतं?

पाटण तालुक्यात हेळवाकच्या पुढे, नवजाच्या रस्त्याला संध्याकाळी गवा आडवा आला तर गाडी आपोआप थांबते. चारही पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे आणि वर काळाभोर डोंगर. मोठा नर खांद्याशी सहा फुटांच्या आसपास भरतो आणि वजनात हजार किलोच्या जवळ जातो. जगातल्या रानटी गुराढोरांत याच्याहून मोठं कोणी नाही. आपण त्याला गवारेडा म्हणतो, पण रेड्याशी त्याचं नातं लांबचं. तो गाईबैलांचा भाऊबंद. इंग्रज तर त्याला बायसन म्हणून मोकळे झाले, तेही चूकच.

आता मनातल्या मनात बोट ठेवून सांगा, या प्राण्याचं काळीज कुठे असेल? बहुतेकांचं बोट धडाच्या बरोबर मध्यावर जातं, आणि ते चुकतं. गव्याच्या मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत जो उंचवटा दिसतो तो बैलाच्या वशिंडासारखा मऊ मांसाचा नसतो. त्याच्या आत मणक्यांतून सरळ वर गेलेली लांबलचक हाडं असतात, एखाद्या फणीच्या दातांसारखी. पाठीची रेघ त्यामुळे उंच दिसते आणि पाठीच्या मध्यावर एकदम खाली उतरते. काळीज मात्र आपल्या जागी, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, पुढच्या पायांच्या मधोमध असतं. बाह्याकृतीचा मध्य धरून गोळी घातली तर ती काळजाच्या वरून निघून जाते. जखमी गवा जाळीत शिरतो आणि पुढची गोष्ट सांगायला शिकारी उरेलच असं नाही.

म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सह्याद्रीत येणाऱ्या साहेबांचा, संस्थानिकांचा लाडका वाद असे : गव्याला कुठलं काडतूस? (काडतूस हा शब्द पोर्तुगीजांनी दिला, आपल्याला तो 1857 मुळे पाठ झाला.) शिकारीचा हिशेब मला प्रिय नाही, पण त्या वादात पदार्थविज्ञान असं भरलेलं आहे की त्याकडे पाठ फिरवणं जड जातं.

त्या काळची मोठी तोफ म्हणजे .470 नायट्रो एक्स्प्रेस. हा आकडा इंचाचा. नळीचं तोंड साधारण बारा मिलिमीटरचं. गोळी बत्तीस ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 655 मीटर. तिच्यातली ऊर्जा जवळपास सात हजार जूल. ही सगळी ऊर्जा उचलायच्या कामी लावता आली असती, तर नऊशे किलोचा गवा पाऊण मीटर वर गेला असता! सिनेमात गोळी लागलेला माणूस उडून पडतो तो याच समजुतीने. पण धक्क्याचा हिशेब ऊर्जेने होत नाही, संवेगाने होतो : वस्तुमान गुणिले वेग. त्या हिशेबाने ही गोळी अंगात रुतून बसली तर गव्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर. गोगलगायीला मागे टाकेल, मुंगीशी शर्यत लावेल, इतकाच. तोच संवेग, वर दारूच्या वायूचा जादा रेटा, उलट दिशेने शिकाऱ्याच्या खांद्यावर येतो; पाच किलोची रायफल सेकंदाला पाचेक मीटरच्या वेगाने मागे उसळते. ज्याच्यावर गोळी झाडली त्याच्यापेक्षा झाडणाराच जास्त हलतो.

मग गोळी मारते कशी? आत शिरून. आणि आत किती शिरेल हे तिच्या जाडीपेक्षा तिच्या लांबीवर अवलंबून असतं. म्हणजे तिच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे किती वजन रांगेत उभं आहे त्यावर. सुईने गोधडी शिवता येते, तेवढ्याच वजनाच्या बोथट खिळ्याने येत नाही. त्यामुळे .303 ची जुनी, लांब, चौदा ग्रॅमची गोळी या मापात .470 च्या अगदी जवळ येते. वॉल्टर बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले बरेचसे फक्त सात मिलिमीटरच्या रायफलीने. त्याला हत्तीच्या कवटीचा आतला नकाशा तोंडपाठ होता.

गोळीच्या अंगाचाही प्रश्न असतोच. मऊ तोंडाची गोळी लागताच फुलते; हरणाला ती पुरते, पण गव्याच्या खांद्याच्या हाडावर फुलून तिथेच संपते. म्हणून वरून पूर्ण कठीण कवच असलेली गोळी. पण ती आरपार जाऊन मागच्या गव्याला लागू शकते, आणि गवे कळपात राहतात. प्रत्येक उत्तरात असा एक नवा प्रश्न दडलेला.

.470 हा विचित्र आकडा मुळात आला कुठून? त्याआधी साहेबांची आवडती रायफल .450 ची होती. पण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकाही त्याच मापाच्या आणि त्यातल्या कित्येक बंडखोरांच्या हाती पडलेल्या. शिकारीच्या काडतुसातली गोळी त्यांच्या कामी येईल या धास्तीने 1907 मध्ये सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .450 वर बंदी घातली. लगेच विलायतेतल्या बंदूक कारखानदारांनी .465, .470, .475, .476 अशी शेजारशेजारची मापं काढली. सरकारला राज्य जाण्याची भीती वाटली, त्यातून गव्यासाठी नवी काडतुसं जन्माला आली. आजही परवान्यावर मिळणारी .315 याच गोतावळ्यातली; .303 लष्कराची म्हणून रयतेला वेगळं माप.

काडतुसं घडवण्यात उन्हाचाही हात होता. या काडतुसांत कॉर्डाइट भरलेलं असे. नायट्रोग्लिसरिन, नायट्रोसेल्युलोज आणि थोडं चक्क व्हॅसलीन एकत्र मळून शेवयांसारख्या काड्या पाडायच्या, त्यांची जुडी पुंगळीत. ही शेवई गरम असली की जास्त जोमाने जळते, नळीत दाब वाढतो आणि फुगलेली पुंगळी आत अडकून बसते. समोर गवा, हातात न उघडणारी बंदूक! म्हणून उष्ण मुलखासाठी दारू कमी भरलेली काडतुसं निघाली. 1912 साली आलेल्या .375 ची पुंगळी तर निमुळती ठेवली, दाब चढला तरी सहज सुटून यावी म्हणून.

डोंगराचा खेळ याहून मजेदार. कड्यावरून खाली दरीत नेम धरला तर गोळी खाली लागेल आणि खालून वर धरला तर आणखी खाली, असं मनाला वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही वेळा ती वर लागते. गोळीला नेमाच्या रेषेवरून खाली ओढायला गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण जोर फक्त सपाटीवर लागू होतो. चढउतारावर त्यातला काही भाग गोळीला नुसतं पुढे किंवा मागे खेचण्यात खर्च होतो. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर दोनशे मीटर अंतर असेल, तर गोळी साधारण एकशे चाळीस मीटरसाठी पडावी तसा नेम धरावा लागतो. दोनशेचाच धरला तर ती सहज दहा-पंधरा सेंटिमीटर वर. पाठीच्या उंचवट्याने आधीच फसवलेल्या शिकाऱ्याला डोंगर पुन्हा त्याच दिशेने फसवतो. कोयनेच्या जाळीत मात्र या गणिताची पाळी क्वचितच येत असणार. तिथे वीस पावलांपलीकडचं दिसत नाही.

1972 च्या वन्यजीव कायद्याने हा वाद मिटवला. गवा पहिल्या परिशिष्टात गेला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. बंदूक मात्र गव्यासमोरून गेली नाही. गवे उसात येतात, विहिरीत पडतात, वाट चुकतात. 2021 च्या डिसेंबरात एक तर थेट सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला आणि त्याला गाडीत घालून जंगलात न्यावं लागलं. अशा वेळी पशुवैद्याच्या खांद्याला बंदुकीचा दस्ता लागतो आणि जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो : एवढ्या मोठ्या देहाला किती, कुठे, केवढ्या जोराने?

फरक असा की आता सगळी उत्तरं उलटी. भुलीची डार्ट दहा-पंधरा ग्रॅमची, वेग सेकंदाला साठ-सत्तर मीटर, ऊर्जा .470 च्या फार तर सुमारे दोनशेव्या हिश्शाएवढी. गोळीला खोल जायचं होतं. डार्टने जाड कातडीखालच्या मांसात सुईएवढंच जायचं आणि थांबायचं. जोर जास्त झाला तर हाड मोडेल, कमी पडला तर ती कातडीवरून घरंगळेल. म्हणून आधी अंतर मोजतात आणि त्याप्रमाणे वायूचा दाब बदलतात. सुईचं टोक बंद, भोकं बाजूला, त्यांवर रबरी बाही. सुई शिरताना बाही मागे सरकते आणि आधीच कोंडलेला दाब औषध आत ढकलतो. शेपटाला रंगीत गोंडा, उडताना तोल राहावा आणि गवतात सापडावी म्हणून. असली बंदूक पुढे आणणाऱ्यांत न्यूझीलंडचा कॉलिन मर्डॉक होता. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची सिरिंजही त्याचीच.

औषधाची तऱ्हा तर ऐकत राहावी अशी. कान्ह्यातून 2011 आणि 2012 मध्ये पन्नास गवे बांधवगडला नेले, कारण तिथले गवे नाहीसे झाले होते. त्यांना झोपवायला एटॉर्फिन वापरलं. अफूच्या घराण्यातलं हे रसायन मॉर्फिनहून हजार पटींवर तीव्र. पूर्ण वाढलेल्या गव्याला काही मिलिग्रॅम पुरतात. .470 ची गोळी बत्तीस हजार मिलिग्रॅमची होती! माणसाच्या जखमेवर याचा थेंब पडला तरी जिवावर बेततं, म्हणून पशुवैद्य आधी स्वतःसाठी उतारा बाजूला काढून ठेवतो.

आणि नेम बरोबर लागला की काम सुरू होतं, संपत नाही. गवा रवंथ करणारा प्राणी. कुशीवर आडवा राहिला तर पोटात वायू साठतो, चारा उलटून फुप्फुसात जातो. म्हणून माणसं जोर लावून त्याला छातीवर बसता करतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात, अंगावर पाणी ओततात. पाठलागाने घाबरलेल्या गव्याचे स्नायू आतून विरघळू लागतात, रक्त आंबतं, ताप चढतो. मग सगळं नीट करूनही तो दगावू शकतो. 2020 च्या डिसेंबरात पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेल्या गव्यामागे गर्दी धावली आणि तो वाचला नाही.

शेवटी उतारा. तो कानाच्या शिरेत देतात, कारण काळं अंग कितीही अवाढव्य असलं तरी कानाची शीर बोटाला लागते. पट्टी सोडायची आणि सगळ्यांनी मागे सरायचं. एक-दोन मिनिटं काहीच होत नाही. मग एक कान हलतो, नाकातून फुस्कारा येतो, पांढरे मोजे मातीत रोवले जातात आणि हजार किलोंचा डोंगर उभा राहतो. पाठीच्या उंच रेघेच्या पुष्कळ खाली, पुढच्या पायांच्या मधोमध, ते काळीज चालू असतं.