काळजाचा कोड क्रॅक!

नागपूरच्या जरीपटक्यात फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांना थॅलेसेमिया हा शब्द नवा नाही. पण माहीत आहे का? सिंधी समाजात या आजारामागे अनेकदा असते एक गळती: बीटा ग्लोबिन जीनमधली डीएनएची ६१९ अक्षरं चक्क गायब! थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा तीव्र प्रकार असलेल्या पेशंटला जन्मभर रक्त चढवावं लागतं. त्यातलं जादा लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही. मग ते जाऊन साठतं कुठे? हृदयातसुद्धा! लोह उतरवणारी औषधं म्हणूनच इतकी मोलाची.

अशा गळत्या हुडकतो कोण? बायोइन्फॉर्मॅटिशियन! स्टेथोस्कोप नाही, ऑपरेशन थिएटर नाही. समोर स्क्रीन आणि माणसाच्या जीनोमची ३०० कोटी अक्षरं. हार्टला हात न लावता हार्टचं काम!

आता २५ अक्षरांचा थ्रिलर. हा स्किप करू नका! मायबीपीसी३ हा हृदयाच्या स्नायूचा जीन. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की भारतीय उपखंडातल्या शंभरातल्या साधारण चौघांत या जीनमधली २५ अक्षरं नसतात. हृदयाचा स्नायू बिघडण्याचा धोका? सुमारे सातपट! एकच खळबळ उडाली.

पण क्लायमॅक्स पुढेच होता. २०२० मध्ये संशोधकांनी तोच जीन पुन्हा चाळला. हृदयाचा स्नायू जाड झालेल्या काही पेशंटमध्ये त्या गळतीच्या जोडीला आणखी एक अक्षर बदललेलं निघालं. खरा व्हिलन तो! तो नसेल, तर नुसत्या २५ अक्षरांच्या गळतीने धोका फारसा वाढत नाही. कोट्यवधी लोकांवरचा संशय डेटाने धुऊन काढला. मला तर ही या क्षेत्रातली सगळ्यात भारी केस वाटते.

आणि योगायोग बघा: बीटा ग्लोबिन आणि मायबीपीसी३, दोघांचाही पत्ता एकच, क्रोमोसोम नंबर ११!

माहीत आहे का, एक्सेलमध्ये 'मार्च१' हे जीनचं नाव टाइप केलं की व्हायची १ मार्च तारीख? डेटाची 'तारीख पे तारीख' इतकी वाढली, की २०२० पर्यंत जीनचीच नावं बदलावी लागली. मार्च१ झाला मार्चएफ१!

रेकॉर्ड हवाय? टायटिन घ्या. माणसाच्या शरीरातलं सगळ्यात मोठं प्रोटीन, सुमारे ३५,००० अमिनो आम्लांचं. त्याचा जीन मध्येच तुटला, तर हृदय फुगून सैल पडू शकतं.

फळमाशीत 'टिनमॅन' नावाचा जीन आहे. तो नसेल तर माशीला हृदयच तयार होत नाही. नाव कुठून आलं? 'विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या बिनकाळजाच्या पत्र्याच्या माणसावरून!

यात करिअर करायचंय? पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मॅटिक्स सेंटर १९८७ पासून आहे. आणि एवढा डेटा चाळायला लागणाऱ्या सुपरकॉम्प्युटरचं म्हणाल, तर १९९१ चा 'परम ८०००' घडवणारे विजय भटकर इंजिनिअर झाले कुठे? आपल्या नागपुरात, आजच्या व्हीएनआयटीत!

जाता जाता एक बॉम्ब. पीसीएसके९ हा जीन काहींमध्ये जन्मतःच नीट चालत नाही. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी असतं आणि हार्ट अटॅकही कमी येतात. मग संशोधकांनी तो मुद्दाम बंद करायचं ठरवलं. २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये चाचणीचा पहिला डोस दिला गेला: यकृताच्या पेशीत शिरून या जीनचं एकच अक्षर बदलणारा. आणि तो घेणारा उंदीर नव्हता, जिताजागता माणूस होता!