त्रेसष्ट सांगितलं, छत्तीस लिहिलं

गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, पासबुक झालं की पोरांचा विषय निघतोच, आणि बहुतेक वेळा तो गणितावर येऊन थांबतो. "आमच्याला त्रेसष्ट लिही म्हटलं की छत्तीस लिहितो, लक्षच नसतं बघा त्याचं." दुसरी-तिसरीतल्या लेकरांबद्दलचं हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय. आज त्यावरच बोलू, कारण यात पोराचा दोष फार थोडा आहे.

'त्रेसष्ट' हा शब्द सावकाश म्हणून बघा. आधी 'त्रे' म्हणजे तीन ऐकू येतं, मग 'सष्ट' म्हणजे साठ. लिहिताना मात्र आधी सहा, मग तीन. लेकरू जसं ऐकतं तसं लिहितं, आणि होतात छत्तीस. म्हणजे त्याचं लक्ष होतं, म्हणूनच ते चुकलं! एकोणपन्नासचंही तसंच. कानाला पन्नास ऐकू येतं आणि वहीत 59 उतरतं. पन्नासाला एक उणा म्हणून एकोणपन्नास, हे त्याला कुणी फोडून सांगितलेलंच नसतं. शिवाय शब्द किती! बावीस, बत्तीस, बेचाळीस, बासष्ट, ब्याऐंशी. दोन एकच, पण कधी बा, कधी ब, कधी बे, कधी ब्या.

गडहिंग्लज, चंदगड, शिरोळकडच्या ज्या बायकांचं माहेर कानडी मुलखात आहे, त्यांना गंमत लगेच कळेल. कानडीत त्रेसष्टला अरवत्तमूरु म्हणतात. अरवत्तु म्हणजे साठ, मूरु म्हणजे तीन. बोलायचं तसंच लिहायचं. इंग्रजीतही सिक्स्टी थ्री. जर्मन भाषा मात्र आपल्यासारखीच उलटी, आधी तीन आणि मग साठ.

याच अडचणीवर 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एक वाट काढली. एकवीसला 'वीस एक', त्रेसष्टला 'साठ तीन' असंही वाचायचं. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर, आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या पत्नी. केवढा गदारोळ झाला तेव्हा! मराठी बुडाली म्हणून लोकांनी टिंगल केली. खरं तर जुने शब्द काढलेलेच नव्हते, ते पुस्तकात होतेच. मला विचाराल तर भांडण भाषेचं झालं आणि लेकरांची अडचण बाजूलाच राहिली. त्रेसष्ट म्हणता आलंच पाहिजे, बाजारात तेच चालतं. पण ते शिकताना साठ तीनचा आधार घेतला तर काय बिघडलं?

घरी हे करायला पुस्तकही लागत नाही. दहा-दहाच्या सहा नोटा आणि एक-एकची तीन नाणी पोराच्या हातात द्या. त्याला मोजू द्या : दहा, वीस, तीस… साठ, आणि तीन. शेजारी तीन नोटा आणि सहा नाणी मांडा. मग विचारा, यातले कुठले पैसे घेऊन दुकानात जाशील? ज्याला वहीत 63 आणि 36 सारखेच दिसतात, त्याला इथं फरक लगेच कळतो. नोटा नसल्या तर काटक्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा. पोरानं स्वतः बांधायच्या, आपण बांधून द्यायच्या नाहीत.

पाढ्यांना माझा विरोध नाही. पाढे पाठ असले की हिशेब भराभर होतो. पण 'साते आठे छप्पन्न' घोकायच्या आधी आठ-आठ चिंचोक्यांच्या सात ओळी त्याला मांडू द्या, मोजू द्या. ओळी आडव्या बघितल्या की सात आठे, उभ्या बघितल्या की आठ साते. निम्मे पाढे तिथंच सुटतात. अपूर्णांक तर आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. मग पायलीत चिपटी किती? सासूबाईंना विचारायला लावा, नातवाला गोष्टीसारखं सांगतील. पोरगी पाचवी-सहावीत असेल तर डेअरीची चिठ्ठी तिच्याकडं द्या. साडेचार लिटर तिथं 4.5 असं का छापतात, हे तिला सांगू दे.

आणखी एक. लेकरासमोर "मलापण गणित कधी आलं नाही" असं म्हणू नका. शेकडा दोननं पाच हजारांचं महिन्याचं व्याज शंभर, हे कागदाला हात न लावता सांगणाऱ्या बायका तुम्ही. मुलगी ते ऐकत असते, आणि गणित आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकते. चौथीपर्यंत एकदा 'ढ' हा शिक्का बसला की ते पोर वर्गात हात वर करायचंच सोडतं. पुढं त्याला येत असलं तरी ते बोलत नाही.

शाळेतही हे बोला. 2022 पासून 'पहिले पाऊल' अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी माता पालक गट करतात, तो तुमच्या शाळेत आहे का ते विचारा. गुरुजींना, बाईंना एवढंच सांगा, की आमच्या पोरानं चुकीचं लिहिलं तर नुसती फुली मारू नका, "तू हे कसं केलंस?" असं विचारा. चूक कुठून आली ते त्याच्या उत्तरात सापडतं. येत्या बैठकीला पोरांनाही घेऊन या. पैसे मोजायचं काम त्यांना देऊ, आपण पासबुकं भरू.