दारू आणि मानसिक आजार : उपचार दोन्हींवर एकाच वेळी हवेत

पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत घेतो. म्हणूनच वस्तीतला एखादा भाऊ दारू सोडत नसेल, तर त्याचा निश्चय कच्चा आहे असा ठपका लगेच ठेवला जातो. पण त्याला स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा तीव्र नैराश्य असेल, तर प्रश्न फक्त निश्चयाचा राहत नाही. आजाराची तगमग दारूकडे ढकलते आणि दारूमुळे आजाराच्या गोळ्या चुकतात. त्यामुळे ‘आधी दारू सोडवा, मग मनाचे बघू’ हा सल्ला चुकीचा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 ने दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितीही मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतली आहे.

औषधोपचाराचे साधारण दोन टप्पे असतात. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत थरथर, झटके, भ्रम होऊ शकतात. यात जीवही जाऊ शकतो. त्यासाठी डॉक्टर लोराझेपामसारखे औषध थोडे दिवस देऊन कमी करत नेतात, कारण त्याचीही सवय लागते. सोबत ‘बी-1’ जीवनसत्त्व देतात. दुसऱ्या टप्प्यात तलफ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट असते. ते देताना यकृत आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहावी लागते. मूळ मानसिक आजाराच्या गोळ्या या सगळ्यात चालूच राहतात.

तिसरे औषध डायसल्फिरम. त्यावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. भास-भ्रमाचा आजार ते वाढवू शकते. तरीही ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून घरचे लोक भाजीत पूड कालवतात. त्या पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसते. हे उपचार नव्हेत. जिवाशी खेळ आहे आणि रुग्णाच्या संमतीचा अपमानही.

बिडी-सिगारेटचेही डॉक्टरांना सांगा. धुरामुळे क्लोझापिन, ओलान्झापिन यांचे रक्तातले प्रमाण घटते. धूम्रपान अचानक थांबले की ते वाढते आणि डोस बदलावा लागतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे? रुग्णाला विश्वासात घ्या. सगळ्या गोळ्या आणि जुने कागद पिशवीत घालून त्याच्यासोबत सीपीआरच्या मानसोपचार ओपीडीत जा. तिथे दारू आणि आजार दोन्ही सांगा, एकही लपवू नका. फोनवर सल्ल्यासाठी टेली-मानस 14416 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446 हे सरकारी क्रमांक आहेत. गोळी सुरू झाल्यावर दर आठवड्याला त्याची विचारपूस करा. पुन्हा प्यायला तर हाकलू नका, पुन्हा दवाखान्यात न्या. शील पाळण्याचे बळ आजारी माणसाला उपचारातून आणि संघाच्या सोबतीतून मिळते, टोमण्यांतून नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!