उतारावरची उष्णता जाते कुठे?

डोंगरातली सायकल : भाग ९

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ, मातीचा एक तीव्र उतार आहे. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ आणि त्यांचे सोबती १९७६ पासून जुन्या, बोजड सायकली घेऊन तिथे शर्यती लावू लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असे आणि पेडल उलटं दाबलं की लागे. तळाला पोहोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस ठासावं लागे. त्याला ते ‘रीपॅक’ करणं म्हणत आणि त्या उताराचं नावही तेच पडलं. माउंटन बाइकच्या इतिहासातला हा सगळ्यात प्रसिद्ध उतार, आणि त्याचं नाव पडलं ते तापलेल्या ब्रेकवरून.

आजच्या भागात हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घेताना आणि सांभाळताना काय पाहायचं ते बघू. माझ्यापुरता सगळा विषय एका प्रश्नात मावतो : उतरताना तयार झालेली उष्णता जाते कुठे?

थोडा हिशेब करू. सायकल, तुम्ही आणि पाठीवरची पिशवी मिळून वजन ९० किलो धरा. घाटातून ५०० मीटर खाली उतरलात, तर सुमारे ४४० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटरहून जास्त पाणी घरच्या तापमानापासून उकळीपर्यंत येतं. यातला काही वाटा वारा घेतो, काही टायर घेतात. उरलेला सगळा दोन पातळ पोलादी चकत्यांच्या माथी येतो. सिंहगडाच्या गाडीरस्त्यावरून उतरून आल्यावर डिस्कला बोट का लावू नये, याचं उत्तर या आकड्यात आहे.

हायड्रॉलिक ब्रेकची रचना साधी आहे. लिव्हर दाबली की एक छोटा पिस्टन नळीतलं तेल ढकलतो आणि ते तेल चाकाजवळच्या कॅलिपरमधले मोठे पिस्टन ढकलतं. समजा लिव्हरमधला पिस्टन १० मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरमधला २२ मिलिमीटरचा आहे. क्षेत्रफळ जवळपास पाचपट, म्हणून जोरही पाचपट. पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. तो एका बोटाने अनुभवायचा असेल तर ही चांगली जागा. मात्र हे सगळं तेल दाबलं जात नाही, यावर उभं आहे. तेलात हवेचा बुडबुडा शिरला किंवा तापून वाफ झाली, की ती आधी दबते. लिव्हर हँडलला टेकते आणि सायकल तशीच पुढे जात राहते.

म्हणून तेलाबद्दल सविस्तर सांगतो. ब्रेकची तेलं दोन जातींची. एक मिनरल ऑइल, दुसरं डॉट. शिमानो, मगुरा, टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. होपचे ब्रेक डॉटवर चालत आले. स्रामचेही बरीच वर्षं तसेच होते, पण त्यांच्या डीबी ८ आणि मेव्हन या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आहे. तेव्हा नुसतं कंपनीचं नाव पाहून ठरवू नका; लिव्हरवर किंवा तेलाच्या टाकीच्या झाकणावर काय छापलंय ते वाचा.

डॉट तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, अशी प्रमाणाची अट आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठी तीच अट १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. कोकणात किंवा घाटमाथ्यावर चार महिने जी हवा असते, ती आठवून हे आकडे पुन्हा वाचा. गेल्या उन्हाळ्यात फोडलेली डॉटची बाटली पावसाळाभर फळीवर राहिली असेल, तर ती ब्रेकमध्ये ओतू नका.

मिनरल ऑइल पाणी शोषत नाही. हे ऐकून लोक निश्चिंत होतात आणि वर्षानुवर्षं त्याकडे पाहतही नाहीत. पण आत शिरलेलं पाणी तेलात मिसळत नाही, म्हणजे ते जड असल्यामुळे खाली, कॅलिपरमध्ये, जाऊन बसतं. सगळ्यात गरम जागा नेमकी तीच, आणि पाणी १०० अंशांना उकळतं.

दोन्ही तेलं एकमेकांत कधीही मिसळू नयेत, हे मी अनुभवाने सांगतो. कोकणातल्या एका गावात माझ्या मागच्या ब्रेकचं तेल गळलं. जवळच्या गॅरेजमध्ये मोटरसायकलचं ब्रेक ऑइल होतं, ते आम्ही भरलं. माझा ब्रेक मिनरल ऑइलचा होता. दोन दिवस छान चालला. मग लिव्हर हळूहळू परत यायला लागली आणि नंतर येईनाशीच झाली. आतल्या रबरी सील फुगल्या होत्या. लिव्हर, कॅलिपर, नळी, सगळंच बदलावं लागलं. मागचा ब्रेक तात्पुरता सोडून देऊन गाडीत सायकल टाकून परतायला हवं होतं, आणि आज मी तेच करेन.

आता निवड. दुकानात पहिली चर्चा होते ती दोन पिस्टन की चार. माझं मत असं, की आपल्या घाटांत पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल चालवणाऱ्या, मध्यम वजनाच्या माणसाने आधी डिस्कचा आकार पाहावा. १६० मिलिमीटरवरून १८० वर गेलात तर त्याच जोरात पकड साडेबारा टक्क्यांनी वाढते. २०३ वर गेलात तर जवळपास २७ टक्क्यांनी. शिवाय उष्णता सोडायला धातूही जास्त मिळतो. फोर्क आणि फ्रेमला किती मोठी डिस्क चालते ते मात्र आधी तपासा. उतारावर वजन पुढे येतं, म्हणून मोठी डिस्क पुढच्या चाकाला. सामान लादून दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या करणाऱ्यांनी, किंवा शंभर किलोच्या आसपास वजन असणाऱ्यांनी, पुढे चार पिस्टनचा ब्रेक जरूर घ्यावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमच्या गावात त्या ब्रेकचे पॅड मिळतात का. पॅडचे आकार मॉडेलगणिक बदलतात. मध्यम किमतीचा, पण पॅड आणि सील सहज मिळणारा ब्रेक मी महागड्या ब्रेकपेक्षा केव्हाही पसंत करीन.

पॅडही दोन तऱ्हांचे. रेझिनचे शांत असतात आणि थंड असतानाच पकडतात, पण जांभ्याच्या तांबड्या चिखलात ते खडूसारखे झिजतात. मी एका पावसाळ्यात नवी जोडी तीन फेऱ्यांत संपवली आहे. धातूमिश्रित, म्हणजे सिंटर्ड, पॅड ओल आणि उष्णता दोन्ही सोसतात. आवाज करतात, आणि तेलाकडे उष्णता जास्त पोहोचवतात. पावसाळ्यात मी तेच लावतो. मात्र स्वस्त सायकलींच्या काही डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना कोरलेली असते. त्या डिस्कचं पोलाद मऊ असतं, सिंटर्ड पॅड ती खाऊन टाकतात.

इथे एक धोका सांगायलाच हवा. वायरच्या ब्रेकमध्ये पॅड झिजला की लिव्हर आत जाऊ लागते आणि तुम्हाला कळतं. हायड्रॉलिकमध्ये तसं होत नाही. पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची सील लिव्हर सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे खेचते. पॅड झिजला की पिस्टन तिच्यातून थोडा पुढे सरकून नव्या जागी बसतो. टाकीतलं तेल ती जागा भरून काढतं. त्यामुळे पॅड संपत आला तरी लिव्हर पहिल्या दिवसासारखीच लागते. डोळ्यांनीच पाहावं लागतं. कॅलिपरमागे पांढरा कागद धरा आणि वरून टॉर्च मारा. शिमानोच्या पॅडवर घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदलायचा. डिस्कवरही किमान जाडी कोरलेली असते, बऱ्याचदा १.५ मिलिमीटर.

नवे पॅड लावून थेट घाटात जाऊ नका. सपाट, रिकाम्या रस्त्यावर बेताचा वेग घ्या, चालण्याच्या वेगापर्यंत दाबा, पूर्ण थांबू नका, सोडा. असं वीस वेळा. मग वेग थोडा वाढवून आणखी दहा वेळा. पॅडचा बारीक थर डिस्कवर सारखा बसला की खरी पकड येते. साखळीवर मारलेल्या तेलाचा एक शिंतोडा हे सगळं वाया घालवतो, म्हणून स्प्रेचं तेल सायकलपासून लांब ठेवा. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं पुरे. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. पिस्टन बाहेर येतात. सायकल गाडीत घालून नेताना पॅडच्या फटीत प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा अडकवला की काळजी मिटते.

लिव्हर स्पंजसारखी लागू लागली तर हवा काढायची वेळ झाली, म्हणजे ब्लीडिंग. डॉटचं मी दरवर्षी करतो, पावसाळा सरल्यावर. मिनरलचं तेल काळवंडलं की. ब्लीड किट, त्याच जातीचं तेल आणि तासभर निवांत वेळ असेल तर घरी जमतं. आधी पॅड मात्र काढून ठेवा.

आता उतरणं. घाटभर लिव्हर थोडी थोडी दाबून ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना वाटतं, हळू जातोय म्हणजे ब्रेकला त्रास कमी. होतं उलट. कमी वेगात वारा फारशी ऊर्जा घेत नाही आणि डिस्कला निवायला क्षण मिळत नाही. रस्ता दिसत असेल, मोकळा असेल, तर सायकल थोडी पळू द्या, वळणाआधी दोन्ही ब्रेक मिळून नीट दाबा आणि सोडा. जळका वास आला किंवा लिव्हर नेहमीपेक्षा खोल जाऊ लागली, तर कडेला सुरक्षित जागी थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. दहा-पंधरा मिनिटं सायकल सावलीत उभी करा, आणि निघण्याआधी जागच्या जागी लिव्हर दाबून पाहा.