गोंदियाला समुद्र नाही, मग किनारा वाचवण्याचं इंजिनिअरिंग इथल्या मुलांनी का शिकावं?

बारावीचा निकाल लागला की गोंदियातल्या घराघरांत ठरलेली चर्चा सुरू होते. सिव्हिल, कॉम्प्युटर की थेट स्पर्धा परीक्षा? त्यात कुणी 'पर्यावरण अभियांत्रिकी' म्हटलं की घरचे विचारतात, "त्यात नोकरी कुठे असते?" आणि त्यातही किनारपट्टीवरच्या हवामान बदलाचं काम म्हटलं, तर हसूच येणार. विदर्भ एक्सप्रेस पकडली तरी मुंबईचा समुद्र दिसायला अख्खी रात्र जाते.

पण गोंदियाचं पाणी समुद्राकडेच जातं. वैनगंगा वर्धेला मिळते, पुढे तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. नदी पाण्यासोबत गाळही नेते. त्याच गाळातून गोदावरीचा त्रिभुज प्रदेश तयार झाला. वाटेतल्या धरणांमध्ये गाळ अडकला की लाटांनी खाल्लेली जमीन पुन्हा भरून येत नाही. त्यात समुद्राची पातळी वाढतेय. म्हणजे किनाऱ्याच्या दुखण्याचं एक कारण थेट वरच्या नद्यांमध्ये सापडतं.

मग हे इंजिनिअर करतात काय?

पिण्याचं पाणी, सांडपाणी, कचरा आणि हवेचं प्रदूषण हे पर्यावरण अभियंत्याचं नेहमीचं काम. किनाऱ्यावर त्यात वादळ, भरती आणि खाऱ्या पाण्याची भर पडते. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ते सगळ्यांनी पाहिलं. खारभूमीचे बांध फुटतात, त्याची मात्र फारशी बातमी होत नाही. कोकणात खाडीकाठची भातशेती मातीच्या बांधाने वाचवलेली असते. बांधात 'उघाडी' नावाची झडप असते. ओहोटीला पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं आणि भरतीला समुद्राच्याच दाबाने ती बंद होते. भरती आणखी वर चढू लागली तर बांध किती उंच हवा, झडप कुठे हवी, तिवरांचा पट्टा किती ठेवायचा, हे हिशेब कुणीतरी करायचे असतात.

भात, मातीचा बांध, पाणी सोडायची वाट. गोंदियाच्या माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं.

आपल्याकडे याला मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. त्यातले कित्येक कोहळी समाजाने बांधले. डिग्री कुणाकडेच नव्हती, पण पाळ कुठे घालायची आणि जादा पाणी सांडव्यातून पुढच्या तलावात कसं न्यायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभाल गावाच्या हातून सुटली. गाळ साचला, बेशरम माजली. आता दुरुस्ती म्हणजे जेसीबी लावून सरसकट खोदणं, असा समज झालाय. माझ्या मते यात फायद्याइतकाच तोटा आहे. उथळ काठ गेला की पाणवनस्पती जातात, त्यापाठोपाठ मासे आणि ढिवरांची कमाईही. कुठे खोदायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे सांगणारा अभियंता इथेही हवाच आहे.

पुराचंही तसंच. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि वैनगंगाकाठची गावं पाण्यात गेली. वरून किती पाणी येतंय आणि ते खाली कधी पोहोचेल, हा हिशेब किनाऱ्यावरच्या पूर-इशाऱ्यातही लागतो. शिकायचं एकदाच, वापरायचं दोन्हीकडे.

शिकायचं कुठे?

सुरुवात जवळच आहे. 1958 साली सुरू झालेली 'नीरी' ही राष्ट्रीय संशोधन संस्था नागपुरात आहे. तिथल्याच व्हीएनआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीचं एमटेक होतं, आयआयटी मुंबईत तर या विषयाचा वेगळा विभाग आहे. दोन्हीकडे प्रवेशाचा मुख्य रस्ता 'गेट' परीक्षेतून जातो. समुद्राकडेच वळायचं असेल तर आयआयटी मद्रासमधलं सागरी अभियांत्रिकी आहे. लाटा आणि बंदरांच्या प्रतिकृतींवर काम करणारी पुण्याजवळच्या खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था 1916 पासूनची.

आणि नोकरी? प्रदूषण नियंत्रण मंडळ, महापालिका, जलसंपदा विभाग, पर्यावरण परिणामांचे अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्या. तिरोड्याच्या 3,300 मेगावॅटच्या वीज प्रकल्पासारख्या ठिकाणी राख, धूर आणि सांडपाणी सांभाळायलाही अशी माणसं लागतात. पण एक खाचखळगा आधीच सांगायला हवा. सरकारी अभियंत्याच्या बऱ्याच जाहिराती सिव्हिलची पदवी मागतात. त्यामुळे बारावीनंतर लगेच 'पर्यावरण' नावाची शाखा घेण्यापेक्षा आधी सिव्हिल आणि मग पर्यावरणात एमटेक, हा मार्ग जास्त सुरक्षित. दहावीनंतर डिप्लोमा करायचा असेल, तर गोंदियात शासकीय तंत्रनिकेतन आहेच. तिथून थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला जाता येतं.