सांख्यिकीय वितरणाचे वर्णन आणि अर्थनिर्णयन : महाराष्ट्रातील जिल्हानिहाय लिंग गुणोत्तराच्या संदर्भात

प्रस्तावना

माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरावर सांख्यिकीचे अध्यापन प्रामुख्याने सूत्रांभोवती केंद्रित झालेले दिसते. विद्यार्थी मध्य, मध्यक व प्रमाण विचलन अचूक काढतो. परंतु आलेल्या संख्येचा अर्थ विचारला असता बहुधा निरुत्तर होतो. वितरणाचे वर्णन आकार, केंद्र, प्रसार आणि बहिःस्थ मूल्ये या चार अंगांनी करावयाचे असते. त्या वर्णनामागील कारणांचा शोध, म्हणजे अर्थनिर्णयन, ही त्यापुढील स्वतंत्र पायरी होय. या दोन पायऱ्यांतील संबंध स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात २०११ च्या जनगणनेतील लिंग गुणोत्तराचे, म्हणजेच दर १,००० पुरुषांमागील स्त्रियांच्या संख्येचे, उदाहरण घेतले आहे. त्या वेळी महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. पालघर जिल्हा २०१४ मध्ये निर्माण झाल्याने त्याची लोकसंख्या येथे ठाणे जिल्ह्यात समाविष्ट आहे.

वितरणाचा आकार

जिल्हानिहाय गुणोत्तरांचे वारंवारता वितरण पुढीलप्रमाणे आहे.

८२०–८५९ : १ जिल्हा
८६०–८९९ : २ जिल्हे
९००–९३९ : १२ जिल्हे
९४०–९७९ : १४ जिल्हे
९८०–१०१९ : ४ जिल्हे
१०२०–१०५९ : १ जिल्हा
१०६०–१०९९ : ०
११००–११३९ : १ जिल्हा

या वितरणाचा आयतालेख काढल्यास मध्यभागी एकच शिखर दिसते. ३५ पैकी २६ जिल्हे लगतच्या दोन वर्गांत एकवटले आहेत. उजवीकडे एक वर्ग रिकामा सोडून एकच जिल्हा उभा आहे. तो म्हणजे रत्नागिरी (११२२). वर्गांतर २०० घेतले असते, तर ८००–९९९ या वर्गात ३३ व १०००–११९९ या वर्गात २ जिल्हे आले असते आणि ही रिकामी जागा नाहीशी झाली असती. वर्गांतराची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नसून आलेख काय दाखवणार व काय लपवणार हे त्यावर अवलंबून असते, ही बाब विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणणे आवश्यक आहे.

केंद्र

या ३५ मूल्यांचा मध्यक ९४६ आहे, तर मध्य सुमारे ९४८. दोन्ही जवळजवळ समान असल्याने वितरण सममित व निर्दोष आहे असा निष्कर्ष विद्यार्थी सहज काढतो. वस्तुतः येथे दोन्ही टोकांची मूल्ये परस्परांचा परिणाम बव्हंशी पुसून टाकतात. रत्नागिरी वगळल्यास मध्य ९४८ वरून ९४३ पर्यंत घसरतो. मध्यक मात्र ९४४.५ इतकाच होतो. टोकाच्या मूल्यांचा मध्यकावर फारसा परिणाम होत नाही, हे तत्त्व येथे प्रत्यक्ष पडताळून पाहता येते.

आणखी एक विसंगती लक्षणीय आहे. संपूर्ण राज्याचे लिंग गुणोत्तर ९२९ आहे, ९४८ नव्हे. जिल्ह्यांचा साधा मध्य काढताना प्रत्येक जिल्ह्यास समान भार मिळतो. प्रत्यक्षात ठाणे (८८६), पुणे (९१५) व मुंबई उपनगर (८६०) हे २०११ मधील सर्वाधिक लोकसंख्येचे तीन जिल्हे असून त्यांची गुणोत्तरे कमी आहेत. गुणोत्तरांचा मध्य म्हणजे एकूण गुणोत्तर नव्हे. त्यासाठी भारित मध्यच काढावा लागतो.

प्रसार आणि बहिःस्थ मूल्ये

मुंबई शहर (८३२) ते रत्नागिरी (११२२) असा विस्तार २९० आहे. मात्र पहिला चतुर्थक ९२८ व तिसरा ९६१ असल्याने चतुर्थकांतील अंतर अवघे ३३ भरते. म्हणजेच मधले निम्मे जिल्हे परस्परांच्या अगदी निकट आहेत. विस्ताराचा आकडा केवळ टोकांविषयी बोलतो.

जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने रूढ केलेल्या नियमानुसार चतुर्थकांपासून त्यांच्यातील अंतराच्या दीडपटीहून दूर असलेले मूल्य बहिःस्थ मानले जाते. येथे त्या मर्यादा ८७८.५ व १०१०.५ येतात. त्याप्रमाणे मुंबई शहर, मुंबई उपनगर, सिंधुदुर्ग (१०३६) व रत्नागिरी हे चार जिल्हे बहिःस्थ ठरतात. याउलट मध्यापासून प्रमाण विचलनाच्या तिपटीची मर्यादा लावल्यास एकटी रत्नागिरी बाहेर राहते. याचे कारण असे की प्रमाण विचलन (सुमारे ४७) या टोकाच्या मूल्यांमुळेच फुगलेले आहे. रत्नागिरी वगळताच ते सुमारे ३७ वर येते. बहिःस्थ मूल्ये मोजपट्टीच ताणतात आणि त्यामुळे इतर बहिःस्थ मूल्ये तिच्या आत दडतात.

अर्थनिर्णयन

रत्नागिरीत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे, म्हणून तेथे मुलींच्या जन्माचे अधिक स्वागत होते, असा अर्थ लावण्याचा मोह होतो. तो टिकत नाही. त्याच जनगणनेत ० ते ६ वयोगटात रत्नागिरी जिल्ह्यातही मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा कमीच आहे. अर्थात स्त्रियांचे आधिक्य जन्माच्या वेळी नसून पुढील वयात निर्माण होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत व अन्य नोकऱ्यांत जात राहिले. ‘चाकरमानी’ हा शब्दच त्या परंपरेची साक्ष देतो. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील १६,९६,७७७ वरून २०११ मध्ये १६,१५,०६९ पर्यंत घटली, ही बाबही याच दिशेने निर्देश करते.

या दृष्टीने पाहता वितरणाची दोन्ही टोके परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. गावातून गेलेला पुरुष रत्नागिरीचे गुणोत्तर वाढवतो आणि मुंबईचे घटवतो. मुंबईत पुरुष इतर जिल्ह्यांतून व राज्यांतूनही येत असल्याने तेथील तुटीचे स्पष्टीकरण एकट्या कोकणातून होत नाही. परंतु प्रक्रिया एकच आहे. हे अनुमान केवळ वरील वितरणावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी वयोगटनिहाय आकडेवारी व स्थलांतराची कोष्टके यांचा आधार घ्यावा लागतो. वितरण प्रश्न उपस्थित करते; उत्तर त्याच्या बाहेर शोधावे लागते.

निष्कर्ष

१. मध्य व मध्यक समान असणे हा वितरण सममित असल्याचा पुरेसा पुरावा नाही. आलेख पाहणे अनिवार्य आहे.
२. केंद्र सांगताना प्रसार व वापरलेला भार यांचाही निर्देश करावा.
३. बहिःस्थ मूल्य ही नोंदीतील चूक आहे की वस्तुस्थिती, याची शहानिशा केल्याविना ते वगळू नये. प्रस्तुत उदाहरणात ते वगळणे म्हणजे एका संपूर्ण जिल्ह्याचा सामाजिक इतिहास वगळणे ठरेल.
४. स्थानिक आकडेवारीवर आधारित असे स्वाध्याय गणित, भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी संयुक्तपणे योजल्यास विद्यार्थी आकडेमोडीकडून अर्थनिर्णयनाकडे वळू शकेल.